मुळावरची कीड: ग्लास आयोनोमर की कॉम्पोझिट?

दात भरून आलेल्या माणसाला काय भरलं विचारा, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत उत्तर एकच: पांढरं सिमेंट. पण त्या पांढऱ्यात दोन अगदी वेगळे पदार्थ असतात, ग्लास आयोनोमर आणि कॉम्पोझिट. भरल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोळ होतो. हिरडीजवळच्या उघड्या मुळावर तो घोळ महागात पडतो.

वर्षानुवर्षं मिशरी लावणाऱ्या आज्या आणि ब्रश आडवा खसाखसा घासणारे काका, दोघांच्याही हिरड्या सरकलेल्या असतात. मूळ उघडं पडतं आणि त्यावर इनॅमलचं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराचं, कवच नसतं. इनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली जावा लागतो. मुळाचं डेंटिन, म्हणजे इनॅमलपेक्षा मऊ असलेला आतला थर, ६.२ ते ६.७ च्या आसपासच, म्हणजे सौम्य आम्लातही, विरघळू लागतं. इथली कीड हिरडीच्या कडेकडेने पसरत दाताला वेढा घालते. जागाही कायम ओली. लाळ असतेच, हिरडीच्या फटीतून द्रव पाझरत असतो आणि अवजार जरा लागलं की रक्त.

कॉम्पोझिट म्हणजे रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) आणि काचेचे बारीक कण. आधी दातावर आम्ल लावून तो खरखरीत करायचा, मग बाँडिंग, म्हणजे चिकटवणारं द्रव, मग सुमारे दोन-दोन मिलिमीटरचे थर निळ्या प्रकाशाने कडक करायचे. इनॅमलला ते घट्ट धरतं, रंग हुबेहूब जुळतो, पॉलिशही छान होतं. पण जागा कोरडी हवी म्हणजे हवीच. त्यात कडक होताना ते थोडं आक्रसतं. मुळाकडच्या कडेला इनॅमल नसल्याने पकड मुळात कच्ची, तिथेच फट पडते आणि फटीत पुन्हा कीड.

ग्लास आयोनोमर विल्सन आणि केंट या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणलं. खास काचेची पावडर आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल कालवलं की ते दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध जोडतं. थोडी ओल चालून जाते. शिवाय त्यातून कीड रोखणारं फ्लोराइड पाझरत राहतं आणि पेस्टमधलं फ्लोराइड ते पुन्हा शोषून घेतं. पॅडवर कालवलेला गोळा चकचकीत असेपर्यंतच भरायचा. चकाकी गेली की तो दाताला धरत नाही, सरळ फेकून नवा कालवायचा. (कोकणातल्या पावसाळ्यात पावडरच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवणाऱ्या असिस्टंटला डॉक्टर का ओरडतात, तेही यातच आलं. पावडर ओल धरते.) भरल्यावर वर वार्निश किंवा व्हॅसलीनचा हात द्यायचा, कारण सुरुवातीच्या तासांत जास्त पाणीही त्याला सोसत नाही आणि सुकलं तर चिरा पडतात. झिजतं लवकर, दिसायला जरा निस्तेज.

माझं मत विचाराल तर हसताना दिसणारा वरचा सुळा, खड्ड्याची कड हिरडीच्या बाहेर आणि जागा कोरडी राखता येत असेल, तर कॉम्पोझिट. खालच्या दाढेचं मागचं मूळ, हिरडीखाली गेलेली कड, तोंड फार वेळ उघडं ठेवू न शकणाऱ्या आजी, तिथे ग्लास आयोनोमर. ते स्वस्त म्हणून कमअस्सल, हा समज सोडावा. तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेतल्यावर लाळ आटते, अशा माणसात हे सिमेंट झिजून निघतं खरं, पण त्याच्या कडेची कीड त्या मानाने कमी. पुन्हा सिमेंट भरणं परवडतं, पुन्हा दात कोरणं नाही. दोन्हींच्या मधला रेझिन मिसळलेला ग्लास आयोनोमरही मिळतो, प्रकाशाने कडक होणारा. मुळासाठी बरेच डॉक्टर तोच पसंत करतात.

आणि मुळावरचा प्रत्येक तपकिरी डाग भरायचा नसतो. मऊ, पिवळसर, चामड्यासारखा लागला तर कीड चालू आहे. कडक, काळपट आणि चकचकीत असेल तर ती बहुधा थांबलेली आहे. तिथे ड्रिल न लावता फ्लोराइड वार्निश लावायचं, घासायची पद्धत सुधारायची, मिशरी बंद करायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.