पायऱ्या दुप्पट म्हणजे खर्चही दुप्पट? नाही!

एका पायरीचा खर्च काढा आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणा, हा हिशोब वर्षानुवर्षे सांगितला जातो. जमिनीवर भरीव ओतलेल्या काँक्रीटच्या पायऱ्यांना तो लागू पडत नाही, कारण वरची प्रत्येक पायरी थेट जमिनीपर्यंत भरावी लागते.

लांबी 1 मीटर, पाय ठेवायची जागा 30 सेंमी आणि उंची 15 सेंमी धरा. 3 पायऱ्यांना 0.27 घनमीटर काँक्रीट लागते. 6 पायऱ्यांना 0.54 नव्हे, तर 0.945 घनमीटर, म्हणजे साडेतीनपट! शिवाय हे ओल्या काँक्रीटचे माप झाले. सिमेंट, वाळू, खडी कोरडी मोजताना ते साधारण 1.54 ने गुणतात. हे विसरले की माल अर्ध्यातच संपतो, ओतकाम थांबते आणि तिथला सांधा कच्चा राहतो. पैशांपेक्षा हे नुकसान मोठे, म्हणून कृपया हा गुणाकार टाळू नका.

पोटात दगडांचा भराव नीट ठोकून भरला, तर काँक्रीट बरेच वाचते. तिरक्या स्लॅबच्या जिन्यात मात्र काँक्रीट बऱ्याच अंशी पायऱ्यांच्या प्रमाणातच वाढते. तिथे सळई आणि सेंट्रिंगचा (काँक्रीट ओतण्यासाठी बांधलेल्या तात्पुरत्या साच्याचा) खर्च वेगळा धरा.