ऑरेंजचं यमक कुठे अडतं?

रविवारी रात्री भाचीचा फोन आला. शाळेत इंग्रजीच्या तासाला आवडत्या फळावर चार ओळींची कविता करून न्यायची होती. तिने संत्रं निवडलं, कारण फ्रीजमध्ये तेवढंच होतं. 'आय लाइक अ ज्यूसी ऑरेंज' ही पहिली ओळ झोकात जमली आणि तिथेच गाडी अडली. "मामा, ऑरेंजला यमक सांग ना." मी जराही विचार न करता म्हटलं, "चेंज!" दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'फॉर अ चेंज' लिहून ती मोकळी झाली.

मंगळवारी वही परत आली, तर 'चेंज'भोवती लाल गोल आणि बाजूला बाईंचा शेरा: यमक जुळत नाही. संध्याकाळी पुन्हा फोन. "तुला इंग्रजी येतं ना?"

येतं. पण मी यमक मराठी कानाने शोधलं होतं. ऑरेंज, चेंज, रेंज असे तीन शब्द मोठ्याने म्हणून बघा. आपल्या तोंडून तिन्ही 'एंज'ला संपतात आणि छान जुळतात. लंडनच्या बाजारातल्या भाजीवाल्याला हेच शब्द म्हणायला लावले, तर मात्र पहिला शब्द उरलेल्या दोघांपासून फुटून निघेल. त्याचा ऑरेंज साधारण 'ऑरिंज' असा ऐकू येतो. सगळा जोर 'ऑ'वर, आणि पुढचं 'रिंज' त्याच्या मागून फरफटत आल्यासारखं.

खरी मेख या जोरात आहे. भाषाशास्त्रात त्याला बलाघात म्हणतात. मराठीत एखाद्या अक्षरावर कमी-जास्त जोर दिला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच नसतं. इंग्रजीत मात्र प्रत्येक मोठ्या शब्दात एक अक्षर राजा असतं आणि बाकीची मान खाली घालून उभी असतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की स्वरही बदलतात, कारण बिनजोराचा स्वर झिजून बहुतेक वेळा एक पुसट 'अ' तेवढा उरतो. फळांतलंच उदाहरण घ्यायचं तर केळं. 'बनाना'त 'ए' हे अक्षर तीनदा येतं, पण पूर्ण 'आ' फक्त मधल्याला मिळतो. पहिलं आणि शेवटचं नुसतं कुजबुजतं. आपण मात्र शेवटच्यालाही मोठ्या मनाने काना देतो.

इंग्रजीतल्या पक्क्या यमकाचा नियम या जोरावरच बेतलेला आहे. शब्दातला शेवटचा जोरदार स्वर शोधायचा. तिथपासून शब्द संपेपर्यंत सगळे उच्चार जुळले पाहिजेत आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं पाहिजे. स्पेलिंगला इथे काडीची किंमत नाही. भाचीने वहीच्या मागच्या पानावर 'पेअर'समोर (नाशपती या अर्थाचा) 'फिअर' लिहून ठेवलं होतं, कारण दोन्हींच्या शेवटी ई-ए-आर ही तीच तीन अक्षरं. प्रत्यक्षात पेअरशी जुळतो तो चेअर, ज्याचं स्पेलिंग वेगळ्याच घरचं आहे.

यमक शोधून देणारे संगणक प्रोग्रॅमही हाच नियम वापरतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश असतो. त्यात सुमारे १ लाख ३४ हजार शब्द ३९ मूलध्वनींत फोडून ठेवलेत आणि प्रत्येक स्वरापुढे एक आकडा दिलाय. १ म्हणजे मुख्य जोर, २ म्हणजे दुय्यम, ० म्हणजे जोर नाही. या कोशातल्या पद्धतीने आपले शब्द लिहिले तर असे दिसतात:

चेंज: च, एइ-१, न, ज
ऑरेंज: ऑ-१, र, अ-०, न, ज

प्रोग्रॅम काय करतो, तर शेवटून मागे येत जोराचा आकडा गाठतो आणि तिथे कात्री चालवतो. चेंजच्या हातात 'एइंज' राहतं. त्याला रेंज, स्ट्रेंज, अरेंज असे सोयरे लगेच मिळतात. ऑरेंजवर कात्री चालवायला जावं, तर जोर अगदी पहिल्याच स्वरावर. म्हणजे अख्खाच्या अख्खा शब्द जुळवायचा! शेवटचे 'न' आणि 'ज' दोघांचे सारखे आहेत खरे, पण त्यांना इथे कोणी विचारत नाही.

गंमत म्हणजे याच शब्दाला शेजारच्या देशात यमकांचा तोटा नाही. फ्रेंचमध्ये स्पेलिंग अक्षराअक्षराने तेच, उच्चार 'ओराँज'. तिथे जोर शब्दाच्या शेवटाकडे असतो, म्हणून 'आँज' एवढं जुळलं की भागतं. मग 'माँज' म्हणजे खातो, 'आँज' म्हणजे देवदूत, 'एत्राँज' म्हणजे विचित्र, अशी रांगच लागते. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडूनच घेतला. पण फ्रेंचमधून आलेल्या पुष्कळ शब्दांचा जोर इंग्रजांनी कालांतराने शब्दाच्या सुरुवातीकडे ओढून नेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या प्रसिद्ध काव्याच्या सुरुवातीलाच 'लिकूर' आणि 'फ्लूर' असं यमक साधलं आहे. आजचे लिकर आणि फ्लॉवर ते. आज ते जुळत नाहीत, कारण लिकरचा जोर सुरुवातीकडे गेला आणि त्याची शेपटी झिजली. जुन्या कविता भाषाशास्त्रज्ञांना एवढ्या प्रिय असतात त्या यासाठीच. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं, पण कोणता शब्द कोणाशी जुळायचा याची नोंद कवी करून गेले.

ऑरेंजने प्रवासात आणखीही काही गमावलंय. मूळ पाहायला गेलं तर हा आपल्याकडचा शब्द. संस्कृतात नारंग, तोही बहुधा द्राविड भाषांतून आलेला. तिथून फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारान्हा. मग 'न' गेला कुठे? इंग्रजीत 'अ नॉरेंज'चं 'अॅन ऑरेंज' झालं, असं हमखास सांगितलं जातं. ते खरं नाही. इंग्रजीत हा शब्द पोचला तोच 'न'शिवाय, ती गळती आधीच फ्रेंच-इटालियनच्या टप्प्यावर झाली होती. अर्थात इंग्रजीनेही असे हात मारलेत. आजचा 'एप्रन' एके काळी 'नेप्रन' होता. त्याचा 'न' आधीच्या 'अ'ला चिकटला आणि तिकडचाच झाला. आपण मात्र नारंगी रंगात तो 'न' जपून ठेवलाय.

तर मग ऑरेंजला यमकच नाही? आडवाटेला थोडी सापडतात. वेल्समध्ये अॅबरगॅव्हेनी गावाजवळ ५६१ मीटर उंचीचा एक डोंगर आहे, त्याचं नाव ब्लॉरेंज. जुळतं, अगदी पक्कं. दुसरं म्हणजे गॉरिंज हे आडनाव. या नावाचा एक अमेरिकन नौदल अधिकारी इजिप्तमधला सुमारे दोनशे टनांचा दगडी स्तंभ अलेक्झांड्रियाहून जहाजात घालून न्यूयॉर्कला घेऊन गेला. १८८१ च्या जानेवारीत तो सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला आणि अजून तिथेच आहे. पण शाळेतल्या कवितेत संत्र्याशेजारी गॉरिंजसाहेबांना कसं बसवणार?

तिसरा उमेदवार वनस्पतिशास्त्रातला, स्पोरेंज. नेच्याचं पान उलटं केलं की मागे तपकिरी ठिपके दिसतात. त्या प्रत्येक ठिपक्यात बारीक बारीक पिशव्यांचा पुंजका असतो, त्यातली एक पिशवी म्हणजे स्पोरेंज. तिच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींची एक कमान असते. ती सुकत गेली की ताणली जाऊन मागे वाकते आणि मग सटकन मिटते. त्या झटक्याने बीजाणू गोफणीतून सुटल्यासारखे उडतात. वस्तू सुंदर, पण यमक म्हणून बेभरवशाची. कारण हा शब्द उच्चारणारे पुष्कळ जण जोर दुसऱ्या अक्षरावर देतात, आणि तसा दिला की ऑरेंजशी नातं तुटलं.

अशी एकटी राहिलेली मंडळी इंग्रजीत बरीच आहेत. सिल्व्हरला चिल्व्हर मिळतो, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू, पण तो शब्द बोलीतला. पर्पलला स्कॉटलंडकडचा हर्पल, म्हणजे लंगडत चालणं. मंथला काहीच नाही. तिथे गणितवाले मदतीला धावतात. 'एन अधिक एकावा' हे इंग्रजीत 'एन प्लस वन्थ', आणि ते जुळतं. आपल्या उच्चारात मंथला पंथ आणि ग्रंथ आयतेच मिळतात, ही वेगळी गोष्ट.

अमेरिकन रॅपर एमिनेमला ऑरेंजला यमक नाही हे म्हणणंच मान्य नाही. २०१० साली टीव्हीवरच्या एका मुलाखतीत त्याने फोर-इंच, डोअर हिंज, स्टोरेज, पॉरिज, जॉर्ज अशी माळ ऑरेंजमागे ओवून दाखवली. यातलं एकही नियमाने पक्कं यमक नाही. पण त्याने एकच शब्द शोधत बसण्याऐवजी दोन शब्द जोडले, स्वर जुळवले आणि उरलेलं काम तोंडाने केलं. त्याच्या अमेरिकन उच्चारात 'डोअर'मधला 'र' खणखणीत वाजतो, म्हणून डोअर हिंज ऑरेंजच्या अगदी जवळ येतं. लंडनचा माणूस तो 'र' गिळतो. त्याच्या तोंडी हीच जोडी एवढी जुळणार नाही.

आता माझ्या 'चेंज'चं काय करायचं? भारतीय इंग्रजीत, आपल्याच उच्चाराने वाचलं, तर ते यमक चालायला हरकत नसावी, असं माझं मत. बाईंचा नियम लंडनचा होता, माझा कान इकडचा. मराठीत साधारणपणे शेवटची दोन अक्षरं जुळली की आपण खूश. संत्रे, यंत्रे, तंत्रे, झालं काम. शिवाय वाक्याच्या शेवटी येणारी क्रियापदं आहेतच. करते, भरते, ठरते अशी यमकं आपल्याकडे फुकट मिळतात. (संस्कृत साहित्यशास्त्रात याला अंत्यानुप्रास म्हणतात, यमक म्हणजे तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा आणणं. पण मराठीत आता यमक म्हणजे हेच.)

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. फ्रीजमधलं फळ नागपुरी, म्हणजे इंग्रजांच्या हिशेबाने ते मँडरिन, तेव्हा ऑरेंज हा शब्दच सोडून दे, असाही सल्ला दिला. तिने निम्मंच ऐकलं असावं. गुरुवारी तिने नवी कविता पाठवली, त्यात ऑरेंज ओळीच्या सुरुवातीलाच बसवून टाकलं होतं:

ऑरेंज, ऑरेंज ऑन द ट्री,
वन फॉर मामा, टेन फॉर मी.