बिनतारी फोनला किती तार लागते?

रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरतोय, हा अनुभव आता कुणाला नवा नाही. आपण चरफडतो, फोन फ्लाइट मोडला टाकून परत काढतो, खिडकीपाशी जाऊन बघतो. दांड्या तशाच, चाकही तसंच. यात फोन खोटं बोलत नसतो. टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठ्याने पोचतोय, एवढंच त्या दांड्या सांगतात. त्याच टॉवरशी या क्षणी आणखी किती जण बोलतायत आणि त्या सगळ्यांचा डेटा पुढे न्यायला टॉवरच्या पाठीमागे पुरेशी रुंद वाट आहे का, याबद्दल त्या गप्प असतात.

मग टॉवरचा जोर वाढवा की! हा उपाय फारसा चालत नाही, आणि का चालत नाही हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच गणिताने दाखवून ठेवलंय. हवेतून किती माहिती पाठवता येईल हे दोन गोष्टींवर ठरतं: लहरींचा किती रुंद पट्टा हाताशी आहे, आणि गोंगाटाच्या मानाने संदेशाचा जोर किती आहे. पट्टा दुप्पट केला की माहिती दुप्पट. जोर दुप्पट केला तर मात्र पट्ट्यातल्या दर हर्ट्झमागे (पट्ट्याची रुंदी हर्ट्झमध्ये मोजतात) सेकंदाला जास्तीत जास्त एक बिट पदरात पडतो. आणखी एक बिट हवा असेल तर जोर पुन्हा दुप्पट. दहा वेळा असं केलं की वीज हजारपट लागते आणि हाती येतात जेमतेम दहा बिट. त्यातून शेजारच्या टॉवरनेही हेच केलं तर त्याचा जोर हाच आपला गोंगाट. भरल्या सभागृहात सगळेच ओरडून बोलू लागले की कुणालाच काही ऐकू येत नाही, तसं.

उरतो तो पट्टा, आणि तो मोजकाच आहे. पण तोच पट्टा थोड्या अंतरावर पुन्हा वापरायला कुणाची हरकत आहे? बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेतल्या डग्लस रिंग यांनी १९४७ मध्ये एका अंतर्गत टिपणात हीच कल्पना मांडली. शहराचे मधाच्या पोळ्यासारखे खण पाडायचे, प्रत्येक खणात एक अँटेना ठेवायची, आणि दूरच्या खणात त्याच लहरी पुन्हा वापरायच्या. इंग्रजीत खणाला ‘सेल’ म्हणतात; सेल फोन हे नाव तिथून आलं. १९५७ नंतरच्या पन्नासेक वर्षांत बिनतारी संपर्काची क्षमता दहा लाख पट वाढली, असा एक हिशेब या क्षेत्रातली मंडळी नेहमी देतात. त्यात नव्या पट्ट्यांचा वाटा २५ पटींचा, पट्ट्याचे बारीक तुकडे पाडण्याचा ५ पटींचा, संदेश घडवण्याच्या सुधारलेल्या पद्धतींचा आणखी ५ पटींचा. बाकीची १,६०० पट वाढ निव्वळ खण लहान केल्यामुळे आणि अँटेना जवळ आणल्यामुळे. फोनच्या जाहिरातींत ज्याचा कधी उल्लेख येत नाही, त्यानेच सगळ्यात जास्त काम केलंय.

स्मॉल सेल म्हणजे हाच विचार शेवटापर्यंत नेलेला. उंच टॉवरवरची अँटेना एकेका पट्ट्यावर २० ते ४० वॉट ओतते आणि तिचा पल्ला किलोमीटरांत मोजतात. दिव्याच्या खांबावरची छोटी पेटी पाचेक वॉटांत भागवते, इमारतीच्या आतली तर वॉटच्या अंशात. पल्ला दहा-वीस मीटरांपासून दोनेकशे मीटरांपर्यंत. एवढ्याशा ताकदीवर तिचं चालतं, कारण अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींची ताकद चौथाई होते. शहरात भिंती, गाड्या, झाडं मध्ये येतात, तिथे हीच घट सोळा पटींपर्यंत जाते. उलट बाजूने बघितलं तर अँटेना निम्म्या अंतरावर आणली की सोळा पट फायदा, आणि तो दोन्ही दिशांनी. टॉवर लांब असेल तेव्हा फोनलाही गळा ताणून बोलावं लागतं, म्हणजे ४जीच्या फोनला आपली जास्तीत जास्त २०० मिलिवॉटची ताकद लावावी लागते. अँटेना समोरच्या खांबावर असेल तर तो कुजबुजतो आणि बॅटरीही वाचते. घराजवळ अँटेना नको म्हणून भांडणाऱ्यांना हे सहसा पटत नाही, पण कानाला लावलेल्या फोनमधून निघणाऱ्या लहरी अँटेना दूर ढकलल्यावर वाढतात, कमी होत नाहीत.

नव्या इमारतींच्या काचांनीही यात भर घातली आहे. उष्णता अडवण्यासाठी काचेवर धातूचा अतिपातळ थर देतात. तो थर उन्हाबरोबर मोबाइलच्या लहरीही परतवतो. अशा काचेतून आत येताना संदेशाचा शंभरावा, कधी हजारावा भाग उरतो. बाहेरून कितीही ओरडलं तरी आत ऐकू येत नाही. अँटेनाच आत न्यावी लागते.

ही कल्पना काही ५जीने आणलेली नाही. जपानमध्ये १९९५ साली पीएचएस नावाची सेवा सुरू झाली. तिची छोटी केंद्रं विजेच्या खांबांवर, टेलिफोन बूथवर बसवलेली असत आणि एकेकाचा पल्ला काही शे मीटरांचा. आवाज स्वच्छ, हँडसेट हलका, बॅटरी दमदार. गाडीत बसलं की मात्र रडगाणं सुरू, कारण दर काही सेकंदांनी खण बदलायचा आणि त्या बदलात फोन कट व्हायचा. आजही वेगाने जाणाऱ्या माणसाला उंच टॉवरच सांभाळतो. स्मॉल सेल चालणाऱ्यांसाठी, उभ्या असलेल्यांसाठी आणि बसलेल्यांसाठी. पीएचएसमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एवढी केंद्रं जागोजागी उभी करता आली ती त्यांच्या पाठीमागे आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनचं जाळं आधीच जमिनीत आणि खांबांवर तयार होतं म्हणून. खांबावर पेटी टांगणं सोपं असतं. त्या पेटीतून पुढे जाणारी वाट कुठून आणायची, इथे घोडं अडतं.

आपण ज्याला बिनतारी म्हणतो ते फक्त शेवटचे काही मीटर बिनतारी असतं. पुढचा बहुतेक प्रवास तारेतून, आणि अँटेना जितक्या जवळ आणाव्यात तितकी तार जास्त. आज ही तार काचेची. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी लिहिलं की काचेतून प्रकाश विझतो तो काचेमुळे नव्हे, काचेतल्या अशुद्धीमुळे. किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला तरी दूरसंचारासाठी काच चालेल, असा त्यांचा हिशेब होता. त्या वेळच्या काचेत विसेक मीटरांतच तेवढा प्रकाश विझून जात होता. चार वर्षांनी, १९७० मध्ये, कॉर्निंग कंपनीतल्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडणारा काचतंतू ओढून दाखवला. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजच्या तंतूत किलोमीटरमागे साधारण साडेचार टक्केच प्रकाश जातो. निम्मा व्हायला १५ किलोमीटर लागतात.

हा तंतू जोडताना एकदा जवळून बघायला मिळाला. रस्त्याकडेच्या चेंबरचं झाकण उघडलेलं, शेजारी छोटा तंबू, कारण वाऱ्याने उडालेला धुळीचा एक कणही घात करतो. केबलच्या पोटातून बारा रंगांचे धागे बाहेर आलेले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे ठरलेल्या क्रमाने, म्हणजे दुसऱ्या टोकाला बसलेल्याला न विचारता कळतं की कुठला कुणाला जोडायचा. रंगीत आवरण सोललं की उरते १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची काच, केसापेक्षा थोडी जाड. प्रकाश वाहतो तो तिच्या मधल्या ९ मायक्रॉनांतून. जोडणाऱ्याने तंतू स्पिरिटने पुसला, कटरमध्ये दाबून टोक काटकोनात तोडलं, आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. मशीनने ती पडद्यावर मोठी करून दाखवली, स्वतःच पुढेमागे सरकवून एका रेषेत आणली, एक ठिणगी, आणि दोन काचा एक झाल्या. खाली आकडा आला: ०.०२ डेसिबल, म्हणजे सांध्यात अर्ध्या टक्क्याहून कमी प्रकाश हरवला. त्याने तोंडातून एक शब्द न काढता पुढचा धागा उचलला. असे शहाण्णव होते.

काचेचं एवढं कौतुक का, याचं उत्तर एका आकड्यात आहे. पूर्वी रेडिओचं सगळं गणित टॉवरखालच्या खोलीत व्हायचं. आता खांबावर फक्त अँटेना आणि रेडिओ ठेवून गणित करणारं डोकं लांबच्या एका खोलीत एकत्र ठेवता येतं. त्यामुळे शेजारच्या खणांना एकमेकांच्या पायात पाय न घालता काम करता येतं. पण मग अँटेनाने ऐकलेली लहर जशीच्या तशी, आकड्यांत बदलून, त्या खोलीपर्यंत न्यावी लागते. ४जीच्या २० मेगाहर्ट्झ पट्ट्यावर, दोन अँटेना धरून, ग्राहकांना सेकंदाला जास्तीत जास्त १५० मेगाबिट मिळतात. तेवढ्यासाठी मागच्या तारेतून सुमारे २,४५० मेगाबिट वाहतात, सोळापट! ५जीच्या ६४ अँटेना आणि १०० मेगाहर्ट्झ पट्ट्याला हीच पद्धत लावली तर आकडा ३०० गिगाबिटच्या पलीकडे जातो. तो परवडणारा नव्हता, म्हणून २०१७ मध्ये थोडं गणित पुन्हा खांबावर ढकलण्याची नवी पद्धत ठरली. वेळेचंही बंधन असतं. काचेत प्रकाश किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे पाच दशलक्षांश, घेतो आणि अशा मांडणीत शंभरेक मायक्रोसेकंदांचीच मुभा असते, म्हणून ती खोली २० किलोमीटरहून लांब नेता येत नाही. शिवाय एकाच पट्ट्यावर आळीपाळीने बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या शेजारी खणांची घड्याळं ३ मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली हवीत, नाहीतर एक बोलत असताना दुसरा मध्येच तोंड घालतो.

तारेशिवाय भागत नाही का? काही ठिकाणी भागतं. ७० ते ८० गिगाहर्ट्झच्या लहरींच्या थाळीसारख्या अँटेना समोरासमोर लावून किलोमीटर-दोन किलोमीटरांवर सेकंदाला १० गिगाबिट पाठवता येतात. मध्ये काही आलं की संपलं, आणि मुसळधार पावसात वेग ढासळतो. गल्लीतल्या खांबावरून अशी सरळ नजर मिळणं कठीणच.

म्हणजे खोदाई आली. काचेचा तंतू स्वस्त, महाग असतो तो चर. म्हणून चर टाळण्याच्या युक्त्याच जास्त. रस्त्याला करवतीने बोटा-दोन बोटांची चीर पाडून त्यात नळी घालतात. काम एका रात्रीत होतं, पण पुढच्या डांबरीकरणात रस्ता खरवडला की उथळ नळी उघडी पडते. मोठ्या रस्त्याखालून एका बाजूने ड्रिल घालून दुसऱ्या बाजूला काढतात. पॅरिस आणि टोकियोत माणूस शिरेल एवढी गटारं आधीच होती, तिथे तंतू त्यांच्या छताला टांगले. मला सगळ्यात आवडते ती ब्रिटिश टेलिकॉमने १९८२ मध्ये काढलेली युक्ती: आज फक्त रिकामी नळी पुरायची, आणि गरज पडेल तेव्हा दाबाखालची हवा सोडून तंतू तिच्यातून फुंकत न्यायचा. हवा तंतूला उचलून धरते, तो नळीला घासत नाही, आणि शेकडो मीटर सहज सरकतो. रस्ता कशासाठीही उघडला असेल तेव्हा ही रिकामी नळी टाकून ठेवणं हे साधं शहाणपण. ते होत नाही, कारण पाण्याचा चर खणणारे आणि तारेचा चर खणणारे एकमेकांशी बोलत नाहीत. मग एके दिवशी जेसीबीचा पंजा तंतूसकट मातीचा गोळा वर आणतो. तुटलं कुठे ते शोधायला एका टोकाकडून प्रकाशाचा ठोका पाठवतात आणि परत येणारी क्षीण चमक मोजतात. यंत्र जवळजवळ मीटरच्या हिशेबात जागा सांगतं. तिथवर पोचायला अर्थातच ट्रॅफिक पार करावी लागते.

आणि विजेचं काय? काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. दिव्याच्या खांबावर वीज असेलच असं वाटतं, पण बऱ्याच जागी रस्त्याचे दिवे एकाच मोठ्या स्विचवर असतात आणि दिवसा त्या तारेत वीजच नसते. तिथे स्वतंत्र जोडणी, स्वतंत्र मीटर, आणि खांब वाऱ्यात हे वजन पेलेल का याची तपासणी, असं सगळं दर खांबामागे येतं. प्रत्येक कंपनीने आपापली पेटी लावायची ठरवली तर खांबाचं झाड होईल; म्हणून एकाच्या पेटीतून अनेकांना सेवा देण्याचा मार्ग हळूहळू रुळतोय. बॅटरीला मात्र या पेटीत सहसा जागा नसते. वीज गेली की खांब गप्प होतो, आणि फोन मुकाट्याने त्या लांबच्या, बॅटरी आणि जनरेटर बाळगणाऱ्या उंच टॉवरकडे वळतो. दांड्या दोनवर येतात.