एक सेल बिघडला, तर शेजारच्यांचं काय?

मोबाइलमध्ये बहुधा एकच लिथियम-आयन सेल असतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या पॅकमध्ये ते डझनांनी असतात, कारमध्ये कधी कधी हजारोंनी. मोबाइलची बॅटरी कितीही पट वाढवली तरी कारची बॅटरी होत नाही, कारण सेल एकत्र आले की त्यांचे एकमेकांवर परिणाम सुरू होतात.

एका ओळीत जोडलेले १३ सेल घ्या. प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज झालेला पॅक ५४.६ व्होल्टचा. आता बारा सेल ४.१८ वर आहेत आणि एक कमजोर सेल ४.४४ वर चढलाय. बेरीज पुन्हा ५४.६! चार्जरला सगळं आलबेल दिसतं, आणि तो एक सेल मात्र ओव्हरचार्ज होऊन आतून खराब होत राहतो. म्हणून बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमने (बीएमएस), प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं मोजायलाच हवं. इथे पैसे वाचवणं मला अक्षम्य वाटतं.

पण सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला, तर बीएमएसही हतबल ठरतो. बोइंग ७८७ विमानांच्या बाबतीत हेच घडलं. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनच्या विमानतळावर, प्रवासी उतरून गेल्यावर, जपान एअरलाइन्सच्या विमानातली बॅटरी धुमसू लागली. आत जेमतेम आठ सेल, पण मोठाले. नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या एका ७८७ला बॅटरीमुळेच तातडीने उतरावं लागलं आणि जगभरातल्या ७८७ विमानांची उड्डाणं थांबवली गेली. बोस्टनच्या घटनेच्या तपासात दिसलं की एका सेलमधल्या शॉर्टची उष्णता शेजाऱ्यांपर्यंत पोचली आणि तेही तापत गेले. यालाच थर्मल रनअवे म्हणतात: तापल्यामुळे रासायनिक क्रिया वाढते, आणि त्या क्रियेने ताप आणखी वाढतो. सेलच्या दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा आतला प्लास्टिकचा पडदा साधारण १३० अंशांना वितळू लागतो, मग आवरणं कठीण. शॉर्ट झाला तरी तो एका सेलपुरताच राहील, हे डिझाइनमधलं गृहीतकच चुकलं होतं.

दुरुस्ती करताना दोन सेलच्या मधे उष्णतारोधक घातले, चार्जिंगची मर्यादा खाली आणली, आणि अख्खी बॅटरी पोलादी पेटीत ठेवून धूर थेट विमानाबाहेर नेणारी नळी जोडली. वजन वाढलं. हलकी म्हणून निवडलेल्या बॅटरीसाठी ते सोसावं लागलं.

आपल्याकडे २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षिततेचं मानक कडक झालं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रसिद्ध केलेल्या या मानकाच्या दुरुस्तीत दोन सेलमधलं अंतर, वायू बाहेर पडायला वाट, धोक्याचा इशारा आणि आग पसरते का याची चाचणी, हे सगळं आलं. अंतर ठेवायचं तर त्याच पेटीत सेल कमी मावतात, म्हणजे रेंज घटते. आता सीटखालची जागा ठरवताना डिझायनरला हा हिशेब पहिल्या दिवशीच मांडावा लागतो.