झॅन्थन गम: कोबीच्या रोगातून आलेला घट्टपणा

बेळगाव तालुक्यात कोबी पिकवणाऱ्याला घाण्या रोग समजावून सांगावा लागत नाही. पानाच्या कडेपासून शिरेकडे निमुळता होत पिवळा डाग सरकतो, शिरा काळ्या पडतात आणि गोव्याच्या बाजाराला जायचा गड्डा शेतातच कुजतो. हा उपद्व्याप झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जिवाणूचा. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ पॅमेल यांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं. शाम्पू, लोशन, सॉस यांच्या वेष्टनावर दिसणारा झॅन्थन गम म्हणजे याच जिवाणूनं साखरेपासून बनवलेला चिकट पदार्थ.

त्याआधी घट्टपणा यायचा तो झाडापासून. बेळगावातल्या वडगाव, खासबागच्या विणकरांना ताण्याच्या सुतावर चढवायची घट्ट खळ काही नवी नाही. चिंचोक्यात असा खळीचा गुण असल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये मांडलं आणि चिंचोक्याचं पीठ सुती व तागाच्या गिरण्यांत खळीसाठी वापरात आलं. गवारीच्या बियांचा गमही त्याच काळात पुढे आला. पण पिष्टाची खळ शिळी झाली की आंबते, पातळ होते.

पुढचं पाऊल अमेरिकेतल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत पडलं. जास्तीच्या मक्याला नवे उपयोग शोधणं हे तिचं काम. तिथं रसायनशास्त्रज्ञ ॲलीन जीन्स आधी डेक्स्ट्रानवर काम करत होत्या. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की रसाला जो बुळबुळीतपणा येतो, तो या डेक्स्ट्राननंच; आपल्याकडच्या साखर कारखान्यांची ती जुनी डोकेदुखी. त्याच पदार्थापासून जीन्स आणि सहकाऱ्यांनी रक्तद्रवाला पर्याय उभा केला. नंतर त्यांनी प्रयोगशाळेतल्या साठ्यातले जिवाणू तपासले, त्यात झॅन्थन हाती लागला. साठच्या दशकात त्याचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थांसाठी मंजुरी मिळाली. शेतकऱ्याचं नुकसान करणाऱ्या जिवाणूतून एवढं काढणं, हे मला त्या प्रयोगशाळेचं फार मोठं काम वाटतं.

त्याची खुबी रचनेत आहे. सेल्युलोजसारखा कणा आणि त्याला तीन-तीन शर्करांच्या फांद्या. द्रव स्थिर असताना हे ताठ रेणू एकमेकांत अडकून राहतात. बाटली हलवली की प्रवाहाच्या दिशेनं सरळ होतात आणि द्रव सहज ओततो. थांबलं की पुन्हा घट्ट. मीठ, आंबटपणा, उष्णता याला पुष्कळ सोसतं. म्हणूनच शेतीऔषधांच्या दुकानात ‘एससी’ (म्हणजे द्रवात बारीक पूड तरंगती ठेवलेलं औषध) लिहिलेल्या अनेक कीडनाशकांत ती पूड तळाशी बसू नये म्हणून हाच घालतात. अर्धा टक्कासुद्धा भरपूर होतो.

बचत गटात कोरफडीचं जेल किंवा हँडवॉश करणाऱ्या ताईंना पहिली अडचण येते ती गाठींची. पूड थेट पाण्यात टाकली की वरचा थर भिजून फुगतो आणि आत कोरडी पूड अडकते. मग कितीही घोटा, गाठ सुटत नाही. आधी ग्लिसरीनमध्ये कालवून, मग ढवळत्या पाण्यात सोडावी. आणि परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारा पदार्थ, टाळू नये. झॅन्थन शर्करांचाच बनलेला असला, तरी खरा धोका पाण्याचा: ओल्या जेलमध्ये बुरशी आणि जिवाणू लवकर वाढतात.