अठरा आकडे आणि एक बुडी

डिसेंबरात सकाळी सातच्या सुमारास करमळीच्या तळ्याकाठी उभं राहिलं की आधी अडई बदकांची शीळ ऐकू येते. शेजारून कोकण रेल्वेची गाडी धडधडत जाते, पाखरांना त्याचं काही नसतं. तलवार बदकं डोकं पाण्यात खुपसून शेपटी आभाळाकडे करतात, पण बुडी मारत नाहीत. त्यांच्यापलीकडे, उघड्या पाण्यावर, एक काळा-पांढरा नर होता. डोळा पिवळाधमक, डोक्यामागे लोंबती शेंडी. शेंडी बदक! आपल्या गोव्यात ते क्वचितच दिसतं, त्यामुळे दुर्बीण खाली ठेववेना.

त्याने अंग आवळलं, बारीकशी उसळी घेतली आणि गडप. मी मोजू लागलो. अठरा म्हणताच ते बुचासारखं वर आलं.

बुचासारखं, हे शब्दशः खरं. पिसांत हवा, फुफ्फुसांत हवा, पाणी त्याला सारखं वर लोटतं. म्हणून बुडण्याआधी ते पिसं अंगाशी दाबून हवा काढून टाकतं. तरीही तळाशी शिंपले-गोगलगायी टिपताना पाय मारतच राहावं लागतं. पाय थांबले की आपोआप वर. सगळे कष्ट जातानाचे, येणं फुकट! हे पाय शरीराच्या पार मागे असतात. त्यामुळे पोहायला जोर मिळतो, पण जमिनीवर चाल डुगडुगती होते आणि उडताना पाण्यावरून धावत जावं लागतं. तलवार बदक मात्र जागच्या जागी झेप घेतं.

मला सर्वांत जास्त भावतं ते त्याचं हृदय. पूर्वी प्रयोगांत बदकाचं डोकं बळजबरीने पाण्यात धरत, तेव्हा ठोके एकदम मंदावत. सगळ्या बुड्या अशाच असणार, असा समज झाला. बटलर आणि वोक्स या इंग्लंडमधल्या संशोधकांनी बदकांच्या अंगात चिमुकले रेडिओ बसवून त्यांना आपल्या मर्जीने बुडू दिलं. 1979 साली त्यांनी निष्कर्ष मांडले: बुडीच्या आधी ठोके वाढतात, पाण्यात शिरताच उतरतात, पण बळजबरीच्या वेळेसारखे कोसळत नाहीत. आधीचं मंदावणं बरंचसं घाबरलेल्या, कोंडलेल्या जिवाचं होतं.

वर आल्यावरचे ते काही क्षण म्हणूनच मोलाचे. बदक रिकामं बसलेलं नसतं, पुढच्या बुडीसाठी प्राणवायू भरून घेत असतं. त्याच वेळी कुणी फोटोसाठी बांधावरून पुढे सरकलं, की ते चरणं सोडून दूर जातं. मी जागचा हललो नाही. त्याने पुन्हा अंग आवळलं.