जनावरांपासून वीज : कुठपर्यंत योग्य?

जिवंत प्राण्याची ताकद, त्याच्या अंगातली रसायनं किंवा त्याने टाकलेलं शेण वापरून वीज करायची तर ते कुठपर्यंत चालेल, हा या नोंदीचा विषय. खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागाच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. गोकाकच्या धबधब्यावर 1887 सालीच वीज तयार झाली, तरी पुढं कितीतरी वर्षं शेताला पाणी बैलांनीच पाजलं आणि उसाचा चरखाही त्यांनीच फिरवला.

आमच्या आजोबांच्या विहिरीची धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, अजून आहे, आता तिच्यावर शेवरी उगवलीय. मोट भरली की बैल धावेवरून खाली उतरायचे, आजोबा नाड्यावर बसून वजन टाकायचे, मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैल उलट्या पावली मागं यायचे, आणि हे सगळं शेवटचा वाफा भरेपर्यंत, मग जू उतरलं की उतरलं. म्हणजे कामाला शेवट होता. गुऱ्हाळातही फडातला ऊस संपला की चरखा थांबायचा. विजेचं तसं नाही, बॅटरी भरली तर दुसरी बॅटरी आणा, एक बल्ब पेटला तर फ्रिजचं काय, मागणी कधी संपतच नाही आणि जनावर काही आपल्या तोंडाने "थांबा" म्हणू शकत नाही. मला वाटतं बैलाला जनरेटरला जुंपण्यात खरी अडचण हीच आहे, घाण्याच्या बैलासारखी डोळ्याला झापड लावून गोल गोल फिरवणं तर त्याहून वाईट.

आता हिशोब बघा. एक बैल सलग कामात साधारण अर्धा हॉर्सपॉवर देतो, म्हणजे जोडीचा 1, तो 746 वॅट. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्राचे नियम आहेत (मूळ कायदा 1960 चा), त्यात दिवसाला 9 तासांच्या वर काम घ्यायचं नाही, सलग 5 तासांच्या वर नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी 12 ते 3 जुंपायचंच नाही. हे पाळून पूर्ण 9 तास काढले तरी गिअर, अल्टरनेटर, बॅटरी यातली गळती जाऊन हातात 3 युनिटच्या आसपास पडतात. तेवढ्यावर 5 एचपीची मोटर तासभरही धड चालत नाही. एवढ्यासाठी जोडीला दिवसभर दमवायचं?

आणि तेवढीच वीज गोठ्यातूनच मिळते. एक मोठं जनावर रोज साधारण 10 किलो शेण टाकतं, 25 किलोला 1 घनमीटर गोबर गॅस धरतात, आणि गॅसवरच्या जनरेटरला 1 घनमीटरमागं दीडेक युनिट. म्हणजे पाच जनावरं दावणीला रवंथ करत बसली तरी तेच 3 युनिट, वर स्लरी उसाला जाते. शेण जनावराने टाकून दिलेलं आहे, ते घेताना त्याचं काही जात नाही. पण गॅसच्या हिशोबावर गुरं वाढवायची, ती चोवीस तास सिमेंटवर बांधून ठेवायची, वासराला पायही मोकळे करू द्यायचे नाहीत, असं सुरू झालं तर शेणाची वीजसुद्धा स्वच्छ राहत नाही.

अंगातून थेट वीज काढायचे प्रयोगही झालेत. इटलीतल्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात मेलेल्या बेडकाच्या तंगड्या विजेने झटकवून दाखवल्या. 2012 मध्ये अमेरिकेत जिवंत गोगलगायीत इलेक्ट्रोड रोवून तिच्या रक्तातल्या ग्लुकोजवर वीज मिळवली, तीही वॅटच्या लाखाव्या भागाहून कमीच. ॲमेझॉनचा ईल मासा 860 व्होल्टपर्यंत झटका देतो पण तो क्षणभराचा, शिकारीसाठी नाहीतर जीव वाचवायला, तो आपल्यासाठी नाही. चिखलातल्या जिवाणूंपासूनही वीज मिळते, त्यांना मज्जासंस्था नाही, दुखतं असं मानायला आधार नाही, म्हणून मला तिथं हरकत दिसत नाही. गोगलगायीचं मात्र तसं म्हणवत नाही.

संविधानाच्या 51-क कलमात प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. आमच्याकडं कारहुणवीला (पोळ्यासारखा बैलांचा सण) बैल ओढ्यावर धुतात, शिंगं रंगवतात, पोळी चारतात आणि त्या दिवशी जू लावत नाहीत. आजोबा तर आदल्या दिवशीच जुवाखालची खांदेमळणी करायचे, हळद आणि तूप लावून, आणि कुठं सोललंय का ते बोटांनी चाचपून बघायचे.